भात्याच्या घड्या

कास्तेलफिदार्दोत, चढावरच्या गल्लीत,
एर्मेते स्कारपोनी अकॉर्डियन दुरुस्त करतो.
त्याच्या दुकानाला मेणाचा, राळेचा,
जुन्या कातड्याचा वास.
त्याच्या वेबसाइटला कसलाच वास नाही;
ती मी केली.

चौदाशे शब्द दिले होते त्याने, वहीत, निळ्या शाईत:
रीड कशी सुटते, मेण कधी तडकतं,
दमट तळघरात ठेवलेलं वाद्य
आधी कुठल्या सुरात खोकतं.
मी म्हटलं, मोबाइलवर कोण वाचणार एवढं?
अंगठा दमतो.
मोठ्या पडद्यावर ठेवलं बहुतेक सगळं.
छोट्याला पाठवला एक फोटो, फोन नंबर
आणि एक हिरवं बटण.
सुटसुटीत दिसलं.
पैसे घेतले.

मार्च उजाडेपर्यंत फोन थंडावला.
कोणी ड्रेस्डेनहून, कोणी ग्राझहून,
तळघरातलं खोकणारं वाद्य मांडीवर घेऊन
लोक आधी शोधायचे, मग विचारायचे.
आता ते दुसऱ्याच कुणाला विचारत होते.

पानं वाचत हिंडणारा शोधयंत्राचा दूत
हल्ली फोनचं सोंग घेऊन येतो.
हे मला माहीत होतं.
माहीत असणं आणि लक्षात असणं
यांत एका बिलाचं अंतर असतं.
त्याने अरुंद खिडकीतून डोकावलं:
फोटो. नंबर. हिरवं बटण.
तेवढंच घर समजून तो निघून गेला,
आणि आम्ही पहिल्या पानावरून चौथ्यावर,
जिथे स्वतःचं नाव शोधणाराही
पोचत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
पण मी मूठ झाकली नव्हती.
रिकामी करून मिटली होती.

सांगायला गेले तेव्हा तो रीड घासत होता,
केसाएवढी, मग कानाशी, मग पुन्हा केसाएवढी.
म्हटलं, सगळं परत आणते, पण घडीत.
मथळा दिसेल, बोट लावलं की मजकूर उलगडेल.
आमच्या धंद्यात त्याला अकॉर्डियन म्हणतात.
तो हसला नाही.
"घडीतलं मोजतात?"
"मोजतात. पानाबरोबर आलेलं असलं की झालं.
मिटलेलं चालतं. न आलेलं चालत नाही."
त्याने फळीवरचा एक सुटा भाता काढला,
अठरा घड्या, कोपऱ्यांना बकरीचं कातडं,
दोन्ही हातांनी गच्च मिटला.
"आता यात हवा आहे?"
"थोडी."
"थोडीच," तो म्हणाला, "पण सूर तिथूनच निघतो."

आणि मग, भाता जागेवर ठेवताना,
माझ्याकडे न बघता:
"तेर्झो कुठे गेला?"

तेर्झो त्याचा भाऊ. रीड जुळवायचा.
एक कान बहिरा, दुसऱ्यावर चाळीस वर्षं निघाली.
वहीतला नववा परिच्छेद.
तो मी दोन्ही पडद्यांवरून काढला होता,
छोट्यावरूनही, मोठ्यावरूनही:
गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग?
एर्मेते म्हणे रात्री जेवण झाल्यावर
चष्मा कपाळावर ढकलून
फोनमध्ये भावाचं नाव आणि गावाचं नाव टाकतो.
येतो कुणी फुटबॉलपटू.
रोज तोच फुटबॉलपटू.

त्या रात्री मी साचा एकच केला,
दोन्ही पडद्यांना तेच शब्द.
मेण घडीत. राळ घडीत. तळघरातला खोकला घडीत.
जूनमध्ये आम्ही दुसऱ्या पानावर आलो,
पहिल्यावर नाही; का ते कुणी सांगत नाही,
विचारायलाही कुणी नसतं.
ल्युब्लियानाहून एक बाई आली,
वाद्य नव्हतं तिच्याकडे, नुसताच प्रश्न होता.

तेर्झोचा परिच्छेद मात्र उघडा ठेवला,
घडीशिवाय, हिरव्या बटणाच्याही वर.
क्रमवारीत त्याचा उपयोग नाही. बहुधा.
अंगठा दमला तर दमू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एर्मेतेचा फोन.
वाटलं, आभार मानेल.
"डावा," तो म्हणाला.
"बहिरा कान डावा होता.
तू उजवा लिहिलायस."